प्राप्तीची सुपली

दुपारच्या जेवणाआधी प्राप्ती घरतने लॅपटॉप राहीच्या मांडीवर ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट टेकवलं. मोकळी जागा चार जीबी. संध्याकाळी सोनूआजीला वीस तरी लागणार होते.

राहीला जीबीतलं एवढंच कळायचं, की फोन भरला की फोटो पुसावे लागतात. तिने मराठी घेऊन एम.ए. केलं होतं. अलिबागहून सकाळच्या एसटीने ती पोयनाडच्या पुढच्या या खाडीकाठच्या गावात आली होती. निमित्त प्रणयच्या हळदीचं. प्रणय म्हणजे प्राप्तीचा चुलतभाऊ. पण राही खरी आली होती सोनूआजीसाठी.

कॉलेजात असल्यापासून प्राप्ती तिला सांगत आली होती, की आमच्या आगऱ्यांत लग्न भटजी लावत असेल, पण लग्न चालवते धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. सगळे धवले एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडी असतात, कुठे लिहिलेले नसतात. या गावात ती बाई म्हणजे सोनूआजी. तिच्यानंतर कोणी नाही.

पुढच्या आठवड्यात सोनूआजीच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ निघेल, आवाज राहील की जाईल ते सांगता येत नाही. आणि लग्नकार्य नसताना धवला म्हणायचा नाही, हा सोनूआजीचा आयुष्यभराचा नेम. मांडव नसताना देवांना हाक मारली आणि ते आले, तर त्यांना बसवायचं कुठे, असं ती विचारायची. म्हणजे जे काही टिपायचं ते आज, प्रणयच्या मांडवात.

एकदा हे जमता जमता राहिलं होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका हळदीत प्राप्तीने कॅमेरा लावला होता. तिच्या कॅमेऱ्याला अर्ध्या तासाने आपोआप थांबायची खोड. तो थांबला, ती पुन्हा चालू करायला पुढे वाकली, तिची सावली पाटावर पडली आणि सोनूआजी गायची थांबली. देव अर्ध्या वाटेत राहिले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. डीजे खोळंबला, जेवणं खोळंबली, आणि प्राप्तीला सगळ्या गावाने ऐकवलं. त्यानंतर वर्षभर सोनूआजीने तिला जवळ फिरकू दिलं नाही. परवा तिने स्वतःच निरोप धाडला होता. एकच अट घातली होती.

"घेयाचं तर अख्खं घे. मदी तोडायचं न्हाय."

प्राप्तीने तोड काढली होती. कॅमेऱ्याची वायर एका छोट्या डबीतून थेट लॅपटॉपमध्ये न्यायची. मग कॅमेरा नुसता डोळा. साठवायचं काम लॅपटॉपचं. तो कितीही वेळ न थांबता घेऊ शकतो, फक्त त्याच्या पोटात जागा हवी.

आणि जागा नव्हती.

लॅपटॉप तसा राजघराण्यातला होता. मांडव्याला एका मुंबईकर बाईंचा बंगला आहे. त्यांच्या गृहप्रवेशाचा व्हिडिओ प्राप्तीने केला होता. बाईंनी नवीन मॅक घेतला तेव्हा जुना तिला स्वस्तात देऊन टाकला. वडिलांनी, म्हणजे काळूरामदादांनी, तो आणायला ट्रेलर नेला होता. उरणला कंटेनर टाकून परत येताना बंगल्याच्या फाटकाशी चाळीस फुटांचा ट्रेलर उभा करून त्यांनी एवढासा लॅपटॉप उचलून आणला. ही गोष्ट गावात अजून सांगतात. काळूरामदादांचे वडील मिठागरात राबले, स्वतः दादा लहानपणी तिथेच वाढले, मग मिठागरं बंद झाली आणि ते ट्रेलरवर गेले. पोरगी कॉम्प्युटरवर बसली याचं त्यांना कौतुक होतं, पण ती नक्की काय करते ते विचारलं तर ते सांगायचे, "हळदी कापते."

त्या कापलेल्या आणि न कापलेल्या हळदींनीच डिस्क भरली होती. तीन घरांची लग्नं आत पडून होती. अजून त्यांना दिलेली नव्हती आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण बाहेरची डिस्क गेल्या आठवड्यात बंद पडली होती. नवीन आणायची तर अलिबाग. आणि आज रविवार. पेण रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या एकीला एक चिकटलेल्या. काळूरामदादा नुकतेच त्यातून सुटून आले होते. त्यांनी सांगून टाकलं, की आता निघालीस तर प्रणयच्या पोराच्या बारशाला पोचशील.

"मग काय पुसणार?" राहीने विचारलं. तिला आधीच कोणाच्या तरी लग्नाची काळजी वाटायला लागली होती.

"काहीच नाही," प्राप्ती म्हणाली. "पाखडणार."

तिने एक खिडकी उघडली. वर मराठीत लिहिलं होतं: सुपली.

गेलं वर्षभर प्राप्ती रिकाम्या वेळात काहीतरी लिहीत असते, एवढं राहीला माहीत होतं. कविता असतील असं तिने मनाशी धरलं होतं. फोनवर मध्येच थांबून प्राप्ती म्हणायची, आज एक ओळ अडलीय. राही समजुतीने म्हणायची, सुचेल. त्या ओळी या होत्या. बीएस्सीला शिकवलेलं थोडं, बाकीचं लोकांचे व्हिडिओ बघून बघून, हळदी कापता कापता तिने एक अख्खं सॉफ्टवेअर उभं केलं होतं. राहीला घेरी यायचीच बाकी होती.

प्राप्तीने एका ॲपवर बोट ठेवलं आणि ते उलगडलं. राहीला वाटत होतं ॲप म्हणजे एक चित्र, दाबलं की उघडतं. आत तर वसतीच होती. जर्मन, जपानी, फिनिश, थाई, हंगेरियन. प्रत्येक भाषेची वेगळी खोली आणि प्रत्येक खोलीत तीच बटणं, तेच शब्द, त्या त्या भाषेत. मदतीची चित्रंसुद्धा प्रत्येकीची निराळी. शिवाय ॲपचा मुख्य भाग दोनदा होता, एकदा जुन्या जातीच्या यंत्रासाठी आणि एकदा नव्या. या लॅपटॉपला त्यातला एकच कळतो. दुसरा नुसता पडून.

"मराठी कुठाय?" राहीने विचारलं.

प्राप्तीने यादी वरखाली केली. नव्हती. दुसरं ॲप उघडलं. तिथेही नव्हती.

"म्हणजे आपल्या घरात पस्तीस पाहुणे," राही म्हणाली, "आणि आपल्यालाच खोली नाही."

"म्हणून तर सुपली. दाणा ठेवायचा, फोल उडवायचं."

पहिलं ॲप पाखडायला घेतलं आणि राही पडद्याला नाक लावून बसली. इंग्रजी आणि हिंदी सोडून एकेक भाषा करडी होऊन नाहीशी होत गेली. फिनिशवर आल्यावर तिला राहवेना. फिनिश राहू दे, बिचारी लहान भाषा आहे, असं ती म्हणाली. प्राप्तीने विचारलं, तू वाचणार आहेस का? राही नाही म्हणाली. मग तिला ऊठ म्हण, असं सांगून प्राप्तीने बटण दाबलं. सगळं झाल्यावर सुपलीने ॲप पुन्हा बंद करून त्यावर स्वतःची मोहोर लावली, कारण आतलं काही हललं की बनवणाऱ्याची मोहोर तुटते आणि यंत्र संशय घेतं. प्राप्तीने ॲप उघडून बघितलं. चालत होतं. काही म्हणजे काही फरक नव्हता. कोपऱ्यातले चार जीबी साडेपाच झाले होते.

राही ओरडलीच. मांडवात झालरी बांधणाऱ्यांनी वळून बघितलं.

मग दोघींना चेव आला. व्हिडिओ कापायचं मोठं ॲप, रंग सारखे करायचं, अल्बम लावायचं, आवाज साफ करायचं. प्राप्ती एकेक पुढे ढकलायची, राही आकडा मोठ्याने वाचायची. सात. साडेनऊ. तेरा. प्राप्तीच्या आईने ताटं वाढून दोनदा हाक मारली. डीजेवाला भावेश स्पीकर लावता लावता डोकावला आणि काय जुगार लावलाय का, असं विचारून गेला. सतरावर प्राप्ती उभी राहिली. एकवीस जीबी झाल्यावर दोघींनी एकमेकींचे हात धरून ओटीवर उड्या मारल्या.

शेवटचं ॲप राहिलं होतं ते रेकॉर्डिंगचं. प्राप्तीने तेही पाखडलं होतं. आता फक्त उघडून बघायचं होतं.

ते उघडलं नाही. चिन्ह एकदा उसळलं आणि खाली पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडद्यावर पाटी आली, की हे ॲप बिघडलं आहे, कचऱ्यात टाकावं.

हे ॲप बंगल्यातल्या बाईंच्या वेळचं. बनवणाऱ्यांनी ते केव्हाच बंद केलेलं, पुन्हा उतरवून घ्यायची सोय नाही. कॅमेऱ्याची डबी याच एका ॲपशी बोलते. पाखडण्याआधी एक प्रत काढून ठेवायची असते हे तिला माहीत होतं, पण सुरुवातीला प्रत ठेवायला जागा होती कुठे? आणि जागा झाली तेव्हा आकडा चढताना बघण्याच्या नादात तिने याला सगळ्यांसारखंच धरलं होतं.

काळूरामदादा दारात आले. उंबर आणायला निघायचंय, कॅमेरा घेऊन ये, म्हणाले. पोरीचा चेहरा बघून त्यांनी काय झालं विचारलं. तिने सांगितलं, की जागा झाली पण भांडं फुटलं. दादांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते क्षणभर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग म्हणाले, चल, लोक थांबलेत.

मांडवाला उंबराची फांदी लागते. ती वाजतगाजत आणतात. उंबराचं झाड गावाबाहेर, खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारट दलदलीच्या कडेला. ढोल पुढे, बायका मागे, सोनूआजी काठी टेकत मधोमध. प्राप्ती हातातला कॅमेरा चालवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं हे राहीला दिसत होतं. ती ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होती. मोहोर लावली होती. मुख्य भाग बरोबर ठेवला होता. मग अडलं कुठे?

झाडाखाली सोनूआजीने हळदकुंकू वाहिलं आणि हलक्या आवाजात एक लहानसा धवला म्हटला. आवाज चिरलेला होता. मोठा धवला संध्याकाळी म्हणायचा, म्हणून ती घसा जपत होती. काळूरामदादा नवऱ्याचे चुलते, फांदी तोडायचा मान त्यांचा. त्यांनी कोयत्याने एक बेताची फांदी उतरवली. मग खिशातून पानसुपारीचा विडा काढून, फांदी जिथे होती तिथे खोडाच्या बेचक्यात नीट बसवून ठेवला.

राहीने सोनूआजीला विचारलं, आजी, तो विडा तिथे कशाला?

"जागा मोकळी ठेवायची न्हाय गो बाय," सोनूआजी म्हणाली. "फांदी नेली, तिचा मान तिथं ठेवला. मंग झाड रुसत न्हाय."

राहीला हे फार आवडलं. ती मनात घोळवत होती तेवढ्यात प्राप्तीचा कॅमेरा खाली आला. चालूच होता, आता तो लोकांच्या चपला टिपत होता.

"मी जागा मोकळी ठेवली," प्राप्ती म्हणाली.

"काय?"

"राही, ते रुसलंय."

तिने कॅमेरा राहीच्या हातात कोंबला, हे लाल बटण दाबू नको एवढं सांगितलं आणि नवी साडी वर खोचून खाजणाच्या बांधावरून घराकडे धावत सुटली. ढोलवाल्यांना वाटलं नवऱ्याच्या बहिणीच्या अंगात आलं. त्यांनी ताल वाढवला.

राही मिरवणुकीबरोबर, फांदी, चपला आणि आभाळ असं सगळं टिपत परत आली तेव्हा प्राप्ती ओटीवर लॅपटॉपपुढे मांडी घालून बसली होती. तिने भराभर सांगितलं. बाकीची ॲपं आपल्याला हवी ती भाषा उघडतात आणि गप्प राहतात. हे जुनं. दार उघडल्याबरोबर सगळ्या खोल्या मोजायची याला सवय. पस्तीस असायच्या, आता दोन दिसल्या, घाबरून मटकन बसलं. त्याला खोल्यांत कोण आहे याच्याशी काही घेणं नाही. खोली असली म्हणजे झालं.

मग तिने खोल्या बनवल्या. रिकाम्या, फक्त दारावर नाव. जर्मन, जपानी, थाई.

"फिनिश," राही म्हणाली.

"फिनिश," प्राप्तीने तेही लिहिलं.

पस्तीस नावं झाली. जागा अशी काही गेलीच नाही, कोपऱ्यातला आकडा हललाही नाही. प्राप्तीने पुन्हा मोहोर लावली, राहीच्या हातातला कॅमेरा घेऊन डबीला जोडला आणि मांडवाकडे वळवला. चिन्हावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. तू दाब, म्हणाली. राहीने डोळे मिटून दाबलं.

चिन्ह उसळलं. पडलं नाही. पडदा काळा झाला, आणि मग त्या काळ्यात मांडव उमटला. झालरी, पाट, आणि पाटाजवळ शेंगा सोलत बसलेली एक बाई, जिला आपण लॅपटॉपमध्ये आहोत याचा पत्ता नव्हता. राहीला हसायला येत होतं. प्राप्तीने कपाळ लॅपटॉपच्या कडेला टेकवलं आणि तशीच थोडा वेळ बसली.

दिवेलागणीला सोनूआजी पाटासमोर बसली. पुढे तांदळाची रास पसरलेली. प्रत्येक देवाला बोलवायचं, त्याच्या नावाची सुपारी तांदळावर मांडायची, त्याचा धवला म्हणायचा आणि पुढच्याकडे जायचं. कोणी राहता कामा नये. तिने प्राप्तीकडे बघितलं. प्राप्तीने मान हलवली. सोनूआजीने डोळे मिटले.

राहीला वाटलं होतं आपण शब्द टिपून घेऊ. पहिल्या दोन ओळींनंतर तिने तो नाद सोडला. दुपारचा चिरलेला आवाज कुठे गेला कोण जाणे. सोनूआजी देवांना आर्जवं करत नव्हती, शेजाऱ्यांना बोलवावं तसं बोलवत होती. तुमची वाट चिखलाची आहे हे माहीत आहे, तरी या. मागच्या लग्नाला रागावला होतात, या वेळी पुढे बसा. मागच्या बायका ओळ उचलत होत्या. अर्धा तास झाला. कॅमेऱ्याची थांबायची वेळ आली आणि गेली. लॅपटॉपवरचा लाल ठिपका जळत राहिला. प्राप्तीने राहीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नंतर तिथे बोटं उमटलेली दिसली.

मध्येच एक गोष्ट राहीच्या नजरेला आली. सोनूआजीने एक सुपारी तांदळावर ठेवली, तिच्यावर हात फिरवला आणि काही न म्हणता पुढच्या देवाकडे वळली. बाकी सगळ्यांना गाणं मिळालं, त्या एका सुपारीला नाही. राहीला वाटलं आजी दमली असेल. पण पुढचा धवला तर आणखी वरच्या पट्टीत निघाला.

शेवटचा धवला संपला, बायकांनी हळदीची वाटी पुढे केली, आणि भावेशचा हात स्पीकरच्या खटक्याकडे गेला. तेवढ्यात सोनूआजीने विचारलं, "भरली का गो तुझी पेटी?"

प्राप्तीने आकडा बघितला. "न्हाय आजी. जागा हाय अजून."

"किती?"

"तुला पुरंल इतकी."

सोनूआजीने त्या एकट्या सुपारीकडे बघितलं. मग तिने सांगितलं, की हा आगरावरचा देव, मिठागराच्या बांधावरचा. त्याचा धवला लांबलचक. आगरं बंद झाली, लोकांना घाई झाली, कोणी ऐकणारं राहिलं नाही, म्हणून तिने म्हणायचा सोडला. पण सुपारी ठेवायची कधी सोडली नव्हती. एवढ्या वर्षांत एका लग्नातसुद्धा नाही.

"आज याचं पन घे," ती म्हणाली.

भावेशने हात मागे घेतला. घड्याळाकडे बघायला लागला आणि मग घड्याळाचाच हात पाठीमागे लपवला. प्राप्तीने राहीचं मनगट सोडलं आणि कॅमेरा हळूच, सावली पडू न देता, पाटाच्या जवळ आणला.

सोनूआजीने पहिली ओळ म्हटली. मागच्या बायका गप्प. त्यांना येत नव्हता. ओळ हवेत एकटीच राहिली. सोनूआजीने श्वास घेतला, दुसरी ओळ सुरू केली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले काळूरामदादा तिच्यामागून म्हणू लागले. बेसूर, ट्रेलरच्या हॉर्नसारखा आवाज. पण शब्द बरोबर. लहानपणी बापाबरोबर आगरात असताना ऐकलेले. तिसऱ्या ओळीला आणखी दोन म्हातारे पुढे आले. चौथीला पाचजण होते.

प्राप्ती मागे वळून बापाकडे बघू शकत नव्हती, कॅमेरा हलला असता. तिने लॅपटॉपकडे बघितलं. कोपऱ्यातला आकडा सावकाश खाली उतरत होता, आणि राहीने जन्मात पहिल्यांदा एखादी डिस्क भरत जाताना बघून देवाकडे मागितलं, की अशीच भरू दे.